कोंडाळं मोडलं तेव्हा

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मालिनीकाकूंना तिथल्या हेल्मेट घालून खेळायच्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. पण लेक उदय कॉलेजच्या टीममध्ये खेळायचा, म्हणून दर शनिवारी त्या मला, म्हणजे त्यांच्या भाडेकरूला, ड्राइव्ह करायला लावून स्टेडियमवर जात. कलत्या उन्हात ते हिरवं मैदान जमिनीपासून सुटून तरंगतंय असं वाटायचं, आणि काकू अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्याच्याबरोबर तरंगत असायच्या. मुलं एकमेकांवर आदळून पडली, की उठून कोंडाळं करत. पुढची चाल ठरवायला, हे अख्ख्या अमेरिकेला माहीत. काकूंची मात्र ठाम समजूत होती, की तिथे ती एकमेकांना विचारतात, "लागलं नाही ना रे?" मी कधी खरं सांगितलं नाही. इतका नतद्रष्ट मी नाही.

सत्त्याऐंशी साली नव्या कोचने कोंडाळंच बंद केलं. पडा, उठा, लगेच पुढची चाल; समोरच्यांना दम खाऊ द्यायचा नाही. इतकं फास्ट खेळणं जमेल का, यावर गावभर वाद. काकू जेवताना उदयवर उखडल्या, "मग लागलं का, हे तुम्हाला विचारणार कोण?"

"नोबडी, आई," तो हसला.

शनिवारी टीम खरंच वाऱ्यासारखी खेळली. एकटा उदय दर वेळी क्षणभर मागे पडायचा. कोच घसा फोडून ओरडायचा, "फास्टर!" उदय मात्र उठला, की आधी प्रेक्षकांत आई शोधायचा आणि हेल्मेट डावीउजवीकडे हलवायचा.

नाही लागलं.