मेणाचा पाय

गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधल्या माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे, मेणाचा एक पाय आहे. गुडघ्यापासून खालचा, वीतभर लांब. तो माझ्या मावशीचा नवस आहे आणि तो इथे असता कामा नये.

आमच्या चर्चची मंडळी इटलीच्या यात्रेला निघाली, तेव्हा मावशीनं तो जुन्या रुमालात गुंडाळून माझ्या हाती दिला. तिचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. यात्रेत डोंगरातल्या गुहांमधला एक मध्ययुगीन मठ होता. तिथल्या संतापुढे पाय ठेवायचा, आपल्याकडे चर्चच्या जत्रेत दुखऱ्या अवयवाचा मेणाचा आकार ठेवतात तसा. एवढंच काम.

मठ थक्क करणारा होता. वर नुसता कडा आणि त्याच्या पोटातल्या गुहांना भिंती घालून संन्याशांनी खोल्या, जिने, वेदी केलेल्या. छताचा खडक इतका खाली, की आमच्यातल्या उंच माणसांनी माना वाकवल्या. वेदीपुढे फक्त बारीक मेणबत्त्या. मेणाचे हात-पाय कुठेच नाहीत. बाजूला एक म्हातारे ब्रदर उभे, मागे कॅमेरे घेतलेले परदेशी पाहुणे. माझा हात पिशवीत होता. मला लाज वाटली. शाळेत पोरांना शहाणपण शिकवणारी मी, रुमाल तसाच आत ढकलला आणि पुढे सरकले.

घरी आल्यावर मावशीनं आधी तेच विचारलं. "ठेवलास गो बाय?"

"ठेवला."

"कोनी काय बोललं नाय ना?"

"नाही. उलट तिथल्या ब्रदरनी हात जोडले."

थाप मारायची तर सजवून मारायची, ही माझी जुनी खोड.

नवस पोचला म्हटल्यावर मावशीनं संताला दिलेला शब्द पाळला. नऊ रविवार चर्चमधली अख्खी मिस्सा-प्रार्थना गुडघ्यांवर. मी शेजारच्या बाकावर बसून बघत होते. नवव्या रविवारी तिला दोघींनी धरून उठवलं. आता ती काठीशिवाय अंगणातही येत नाही.

परवा सगळं सांगायचंच, असं ठरवून पाय पिशवीत घातला आणि तिच्याकडे गेले. ती गुडघ्याला तेल चोळत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "संताला बोल नाय लावायचा गो. त्यानं पाय घेतला. माझ्याच विश्वासात कायतरी कमी पडलं. परत कदी गेलीस तर माझ्या नावानं माफी माग त्याची."

"मागते," मी म्हणाले, आणि घरी येऊन पाय पुन्हा साड्यांच्या मागे ठेवला.