सव्वीस जोड आणि एरचची वाळू

"बग्गी तयार आहे. ये." मामाचा फोन एवढाच. माझा मामा झाशीला रेल्वेत फिटर होता, आता निवृत्त. त्याने घरच्या घरी वाळूत पळवायची गाडी बनवली? मी त्याच दिवशी पुण्याहून झाशीचं तिकीट काढलं.

अंगणात पाहते तर काय, नुसता पाइपांचा सांगाडा! मागे जुन्या मारुतीचं इंजिन, पुढे पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. "अगं बाई! ह्यात माणूस बसतो?" मी ओरडलेच.

मामी म्हणाली, "बेतवाकाठी एरचच्या वाळूत चालली तर राहील इथे. नाही तर सोमवारी कबाडी येतोच आहे भंगार न्यायला. दोन साल झाले, कपडे वाळत घालायला जागा नाही!" मामा हसला नाही. त्याचा सगळा जीव त्या सांगाड्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बड्या बाजारात कचोरी-जिलेबी खाल्ली, बग्गी भाड्याच्या पिकअपवर चढवली. जाऊन-येऊन तीन हजार. कानपूर हायवे मोंठपर्यंत झकास, पुढे खड्ड्यांनी हाडं खिळखिळी होतात. जाणार असाल तर थंडीतच जा, तेव्हा बेतवेचं पाणी उतरून वाळू मोकळी झालेली असते. पाणी मात्र घरूनच न्या.

वाळूवर उतरल्यावर मामाने हातोडी काढली. वेल्डिंगचे जोड सव्वीस, आणि प्रत्येक जोड ठोकून, कान लावून ऐकायचा. रेल्वेची चाकं अशीच तपासायचे म्हणे. टण्ण वाजलं तर ठीक, थप्प वाजलं तर आत तडा.

मला व्हिडिओची घाई. "मामा, चला ना! ऊन चढलं की सगळं पांढरंफटक दिसेल."

"चार राहिलेत गं."

"काही होत नाही!"

त्याने हातोडी खिशात घातली, हेल्मेट चढवलं, पट्टा बांधला. काय सुसाट सुटली बग्गी! मी शिट्ट्या मारत होते, तेवढ्यात कडाड् आवाज झाला. पुढचं चाक सुटून एकटंच पाण्याकडे धावलं आणि बग्गी उलटली. माझा फोन हातात तसाच चालू.

"बाबूजी, हिलना मत!" पिकअपवाले भैयाजी धावले. पट्ट्याने जीव वाचवला, पण मनगट मोडलं.

झाशीला प्लास्टर घालून घरी आलो. मामी दारातच उभी. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "माझंच चुकलं. चार जोड ठोकायचे विसरलो." आणि मी? मी गप्प बसले. लाज वाटते लिहिताना.

पुण्याला आल्यावर चार दिवस गेले. व्हिडिओ पुसून टाकला, तरी तो आवाज कानातून जाईना. शेवटी मामीला फोन लावून सगळं सांगितलं.

"ठाऊक होतं मला," मामी म्हणाली. "जन्मभर हे ठोकल्याशिवाय हलले नाहीत. त्याच दिवशी बरे विसरतील!"

मला रडूच फुटलं. "आणि बग्गी? कबाडी घेऊन गेला?"

"आला होता. परत पाठवला. चाक पुन्हा जोडून घेतलंय. ह्यांचा हात गळ्यात, म्हणून आता मी ठोकते, हे ऐकतात. थांब, होल्ड कर."

फोनमधून आवाज आला. टण्ण. मामाचा "हं." पुन्हा टण्ण. पुन्हा "हं."

"ऐकतेस ना? अजून चोवीस राहिलेत," मामी म्हणाली. "का आजही घाई आहे तुला?"