धारेचं पाणी

रोज सकाळी, चहाच्याही आधी, हस्तबीर विश्वकर्मा हा लोहार उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा. गवताची एक काडी जमिनीवर आडवी ठेवायचा आणि लांब चोचीच्या किटलीतून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडायचा, टोकापासून मुळापर्यंत, एका श्वासात. काडीबाहेर थेंब पडला तर पायाने माती सारखी करून पुन्हा. खुकुरीला, त्या वाकड्या सुऱ्याला, पाणी द्यायचं ते असंच, तापल्या पात्याच्या फक्त धारेवर. पाठ मऊ राहिली पाहिजे, नाहीतर पातं घाव सोसत नाही. चाळीस वर्षांत त्याचं मनगट हललं नव्हतं.

डोळे मात्र मंद होत चालले होते. हे फक्त त्याच्या बायकोला, थुलीमायाला ठाऊक होतं. पातं गुराँसच्या फुलासारखं लाल झालं की पाणी. त्यापुढे पिवळं होऊ दिलं की धार काचेसारखी ठिसूळ. दोन वर्षांपासून त्याला लाल आणि पिवळं वेगळं दिसत नव्हतं. भाता तीच ओढायची. रंग आला की तिचा हात थांबायचा, आणि भात्याचा आवाज थांबला की तो किटली उचलायचा. याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

दसैंच्या सणाला महिना राहिला असताना तिचा भाऊ वारला. माहेरी आठ दिवस मोडले. परतली तेव्हा वस्तीतल्या पूर्णधन राईची खुकुरी तयार होऊन भिंतीला टेकलेली होती. दसैंत बोकड मारायची, एका घावात.

“भाता पायानं ओढला,” हस्तबीर म्हणाला. “एकट्यानं.”

“एकट्यानं?”

“मग काय, तू उद्या मेलीस तर भट्टी विझवून बसू?”

ती हसली. पातं हातात घेऊन तिने नखाने टिचकी मारली. पितळी वाटीसारखा बारीक, लांब आवाज आला. नको तो, ठिसूळ पात्याचा आवाज. पुन्हा तापवून पुन्हा पाणी देता आलं असतं, एका दिवसाचं काम. पण मग ते का, हे सांगावं लागलं असतं. त्याचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता.

“छान झालीय,” ती म्हणाली.

नवी खुकुरी लोहाराने स्वतः गिऱ्हाईकाच्या अंगणात चालवून दाखवायची, अर्धा दिवस रान साफ करून, ही वस्तीची रीत. यंदा पूर्णधनने आधीच सांगून ठेवलं होतं, की नीट निघाली नाही तर धरानच्या बाजारातून आणीन. आणि पूर्णधन जे करी ते बाकीची घरं करत.

थुलीमाया पालापाचोळा उचलायच्या निमित्ताने बरोबर गेली.

“अहो, आधी ती खाजकुयली घ्या. आता ही केळ.”

केळ एका घावात आडवी झाली. ओसरीवरून पूर्णधनची आई खिदळली. “केळ तर माझ्या दातांनीही पडेल, आणि मला दात नाहीत! हस्तबीर, ते पेरूचं वठलेलं खोड काढ की.”

“ते उद्या बघू, आमा. ढग आलेत,” थुलीमाया घाईने म्हणाली.

“राबतोय तो, दम तुला लागला?”

हस्तबीरही हसला. तळहातावर थुंकून त्याने मूठ धरली. पहिला घाव खोल बसला, दुसराही. तिसऱ्याला टक् असं काहीतरी तुटलं. धारेचा नखाएवढा चंद्र उडून गवतात पडला. म्हातारीने पाहिला, पूर्णधनने पाहिला, थुलीमायाने पाहिला. हस्तबीरने आणखी दोन घाव घातले. मग थांबून अंगठा धारेवरून फिरवला. रक्त आलं.

“असू दे, दाजू,” पूर्णधन हळू म्हणाला. “खोडात खिळा असेल.”

“पेरूत खिळा कोण मारतं?”

“वर्षाचं धान्य, कोदो, नेहमीसारखं पाठवतो मी. दसैंचं... ते मी बघतो.”

उतारावर थुलीमाया त्याच्या पुढे चालत होती, आणि तो तिच्या पावलांच्या आवाजावर पाय टाकत होता.

“टिचकी मारलीस ना, ती मीही ऐकली,” तो म्हणाला. “डोळे गेलेत, कान नाही.”

ती थांबली. “मग नेलीत कशाला?”

“तू छान म्हणालीस.”

ती पुन्हा चालू लागली. दसैंत वस्तीत धरानच्या चार खुकुऱ्या आल्या. कोदो आला, पण काम घेऊन कुणी आलं नाही. भट्टीच्या राखेत कोंबडी अंडी घालू लागली, आणि तिला हुसकवायचंही दोघांनी सोडून दिलं. सकाळी तो उन्हात बसे, ऊन सरकलं की थुलीमाया त्याला सरकवी.

माघातल्या एका दुपारी ती मका सोलत होती. मागे बांधलेली शेळी सारखी ओरडत होती. तो भिंतीला टेकून बसला होता, अंगावर घोंगडी. त्याने मान थोडी वळवली.

“शेळी ओरडत नाहीये,” तो म्हणाला. “सुटली वाटतं. बघ जरा.”

ती मका खाली ठेवून मागे गेली; दावं रिकामं होतं.