हुपरीकर सरांची कवायत

सूड ही मानवजातीची सर्वांत उदात्त प्रेरणा आहे. राज्यं तिच्यावर उभी राहिली, महाकाव्यं तिच्यातून उगवली, आणि ज्याला सूड घेणं जमत नाही त्याला आयुष्यभर नुसतं सज्जन म्हणून जगावं लागतं. हा विचार मी आडवा पडून करतोय. जेवण झालंय, छातीवर पंचा आहे, आणि विचार निम्म्यावर आला असताना ढेकर येतो. तो उदात्त नाही, वालाच्या उसळीचा आहे.

उद्या हुपरीकर सरांची शोकसभा. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. जुन्या विद्यार्थ्यांत पेपरात नाव छापून येणारा मी एकटाच, तेव्हा मुख्य भाषण माझ्याकडे आलंय. संयोजक फोनवर म्हणाले, "दोन हृद्य आठवणी सांगा." मी म्हणालो, "हृदयापासूनच सांगेन." भाषण तयार आहे, उशीखाली आहे. त्यात सरांचे बारा दोष ओळीने मांडलेत. चाळीस वर्षं वाट पाहिलेला माणूस जितक्या मायेने मांडेल, तितक्या मायेने.

स्वयंपाकघरात शालन, माझी बायको, भांडी लावतेय. एक वाटी फरशीवर पडते. तिचा आवाज लांबतो, आणखी लांबतो, कॉलेजच्या घंटेइतका लांब होतो.

मी वर्गात आहे. फळ्यावर ओलं फडकं फिरवल्याचा डाग अजून तसाच. बाकांवर आमचीच बॅच बसलीय, पण वयं आजची. टकलं आहेत, कानात यंत्रं आहेत, एकाच्या गुडघ्याला पट्टा आहे आणि तो पाय बाकाखाली मावत नाहीये. सर दारातून येतात. तोच राखी कोट. मेल्याचं त्यांना काही विशेष वाटलेलं दिसत नाही.

"सर, तुम्ही वारलात," मी म्हणतो.

"आणि तू उशिरा आलास, म्हणून मागे बस."

'म्हणून' ऐकताच सगळ्या वर्गाचे उजवे हात सरळ पुढे येतात, तर्जन्या ताठ. बाण.

हे समजावून सांगायला हवं. सरांचं म्हणणं असं, की पुस्तकातला विचार मोकाट फिरत नाही, त्याचे ठरलेले आकार असतात. आकार ओळखलात की निम्मं पाठांतर वाचलं. आणि आकार नुसता डोक्यात राहत नाही, तो हाताला कळला पाहिजे. म्हणून वर्गात कवायत. सर 'म्हणून' किंवा 'परिणामी' म्हणाले की बाण. 'याउलट' म्हणाले की दोन्ही तळवे वर, तराजू. 'प्रथम, त्यानंतर, शेवटी' आलं की हातावर हात चढवत जिना. 'चलनवाढ म्हणजे' असं सुरू झालं की तळवा डोक्यावर आडवा, छत्री, कारण आता व्याख्या आली आणि पुढची सगळी उदाहरणं तिच्याखाली उभी राहणार. आणि नुसतीच यादी असेल तर बोटं मोजायची. सरांच्या लेखी ही शेवटची खूण सगळ्यांत खालच्या जातीची. खिडकीतून बघणाऱ्याला वाटायचं, अर्थशास्त्राच्या तासाला कसली तरी आरती चाललीय.

पोरं पास व्हायची. हे मी भाषणात घेतलेलं नाही.

"काय रे वाणसामान, भाषण लिहिलंयस म्हणे," सर म्हणतात.

हेच ते नाव. पहिल्या वर्षाला मी एक विनोदी निबंध लिहिला, आयुष्यातला पहिला, आणि वर्गात उभं राहून वाचला. पोरं हसली. मला वाटलं, झालं, आपण लेखक. मग सर वर्गाला म्हणाले, "आकार दाखवा." सगळ्या वर्गाने बोटं मोजली. "बरोबर," सर म्हणाले. "एक गंमत, दुसरी गंमत, तिसरी गंमत. हा निबंध नाही, हे वाणसामान आहे." त्या दिवसापासून कँटीनवाल्यानेही मला माझ्या नावाने हाक मारली नाही.

"वाच की," सर म्हणतात.

भाषण हातात आहे. उशीची खोळही हातात आहे, पण तिकडे कोणाचं लक्ष नाही. मी घसा साफ करून वाचतो. "एक. सर कधीही कोणाचं कौतुक करत नसत. दोन. सरांच्या कोटाला खडूचा वास यायचा आणि सरांना त्याचा अभिमान होता. तीन. सर स्वतःच्या लग्नातही उशिरा येणाऱ्यांना मागे बसवत होते." पोरं हसतात. हसता हसता बोटं मोजतात. मी वेग वाढवतो, सातवर येतो, नऊवर येतो, बोटं थांबत नाहीत. बारावा दोष संपतो तेव्हा वर्ग पायांची बोटं मोजायला वाकलेला असतो.

"बारा झाले. मग?" सर म्हणतात.

"मग काय?"

"अरे, यादी कुठेही थांबवता येते. चार केलेस तरी चालतात, चाळीस केलेस तरी. तिला कुठे जायचंच नसतं. तू कुठे निघालायस?"

उत्तर सुचेपर्यंत मी टेकतो. टेकतो ती खुर्ची न्हाव्याची आहे. समोर मोठा आरसा, त्याच्या कडेला उदबत्तीचं घर. आरशात मागच्या बाकड्यावर वर्ग नंबर लावून बसलाय. सर माझ्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधतात, जरा जास्तच घट्ट.

"एकच वाक्य बोल. मधे 'म्हणून' पाहिजे."

हे वाक्य मला पाठ आहे. रोज रात्री दात घासताना म्हटलेलं आहे. "तुम्ही मला भर वर्गात वाणसामान म्हणालात, म्हणून मी चाळीस वर्षं तुमची टर उडवली."

आणि उडवलीच होती. पेपरातल्या माझ्या सदरात 'प्रा. हातवारे' नावाचं एक पात्र होतं. भाजी घेतानाही ते छत्री धरायचं, बायकोशी भांडतानाही तराजू. लोक कात्रणं काढून ठेवायचे.

मागे सगळे हात सरसर पुढे येतात, आणि आरशात सगळे बाण माझ्याच छातीवर रोखलेले दिसतात.

"हे उलटे दिसतायत," मी म्हणतो.

"आरशात आहेत ना. आता वाक्यही उलटं कर. तू टर उडवलीस, म्हणून?"

"म्हणून काय?"

"ते मी विचारतोय."

"मला माहीत नाही, सर."

"बारा मुद्दे माहीत आहेत आणि हे माहीत नाही." सर फडकं झटकतात. केस पडत नाहीत, शेंगदाण्याची टरफलं पडतात, आणि आम्ही एसटी स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर शेजारी शेजारी बसलोय. सरांच्या मांडीवर कापडी पिशवी. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"तुझं सदर गाजलं ना, त्या वर्षापासून मी वर्गात शिरलो की तोंड उघडायच्या आत पोरं डोक्यावर छत्र्या धरायची," सर म्हणतात. "हसायची. मी थोडे दिवस रेटलं. मग एका सकाळी हात खिशात घातले. निवृत्त होईपर्यंत बाहेर काढले नाहीत."

"मग आकार?"

"कसले आकार? पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. एक, दोन, तीन. निम्मी नापास."

कंट्रोलर भोंग्यावरून सांगतो, "घाटात दरड पडल्यामुळे गाडी उशिरा येईल." स्टँडवरचे सगळे प्रवासी बाण दाखवतात. एक बाई कडेवरच्या पोराचाही हात धरून पुढे करते.

मला आनंद होतो. तो लपवण्यात अर्थ नाही. पोटातून वर येतो, वालाच्या उसळीसारखा. आणि त्याच्या मागोमाग भयंकर फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

"म्हणजे सूड केव्हाच पूर्ण झाला होता," मी म्हणतो. "आणि मला कोणी कळवलं नाही. एक पोस्टकार्ड तरी टाकायचं, सर. मी पुढची एवढी वर्षं कशाला खपलो असतो?"

"टाकणार होतो. पण मीही माझा घेत होतो की."

"कधी?"

"दर रविवारी. चहा झाला की तुझं सदर उघडायचो. सुरुवातीला काय? 'पुढारी म्हणजे काय?' छत्री. तिच्याखाली तीन पुढारी उभे. मग 'याउलट मतदार', तराजू. आणि शेवटच्या ओळीत बाण, नेमका जिथे लागायला हवा तिथे." सर समाधानाने मान हलवतात. "गमतींची पुडकी बांधणारं पोरगं असं लिहायला कुठे शिकलं रे?"

"माझं मी शिकलो."

"असं का. दर रविवारी तू मला नावं ठेवलीस, आणि दर रविवारी माझ्याच हातांनी."

मला राग येतो. चांगला, बरणीत मुरलेला राग. मी उभा राहतो. आता असं काही बोलायचं की मेलेला माणूस पुन्हा मेला पाहिजे. "सर, तुमची ती पद्धत म्हणजे..."

'म्हणजे' तोंडातून गेलं मात्र, माझा उजवा हात आपोआप उठतो आणि डोक्यावर आडवा होतो. मी तो खाली ओढतो, तो येत नाही. सर खिशातून एक हात काढतात, माझं मनगट धरतात आणि हात जरा वर उचलतात.

"कोपर ढिलं पडलंय. छत्री गळेल अशाने."

गाडी लागते. सर चढतात, खिडकीशी बसतात आणि दोन्ही हात बाहेर काढतात. तळवे वर. तराजू. एकदा डावा जड होतो, एकदा उजवा. कोणाचा सूड भारी हे सांगतील म्हणून मी गाडीबरोबर चालत राहतो. कंडक्टर घंटी मारतो, टण्ण, आणि ती वाटी अजून फरशीवर गोल फिरतेय, शालन "मेली ही वाटी" म्हणतेय, आणि मी जागा आहे.

उजवा हात डोक्यावर आहे. तळवा आडवा, कोपर सरळ. मुंग्या आल्यात, तो खाली यायला तयार नाही. आणि मनगटावर खडूची तीन बोटं उमटलीत. घरात खडू नाही. रांगोळी आहे, पण रांगोळीला बोटं नसतात.

डाव्या हाताने मी उशीखालचं भाषण काढतो. बारा दोष जागच्या जागी आहेत. ते मी खोडत नाही, मेहनतीचे आहेत. फक्त सर्वांत खाली, डाव्या हाताने जमेल तशा वाकड्या अक्षरात एक वाक्य वाढवतो, "तुम्ही मला वाणसामान म्हणालात, म्हणून मी लिहायला शिकलो." वाक्य तेच आहे, शेपूट बदललंय. वाचून तोंड कडू होतं, पण शेवटी बाण लागतो.

आणि उद्या हे मी एकटा बोलणार नाही. आधी सगळ्या सभेला पाचही आकारांची उजळणी द्यायची. मग भाषण. बाराही दोषांना सगळे म्हातारे बोटं मोजतील, आणि शेवटच्या वाक्याला सभागृहातले सगळे हात सरांच्या फोटोवर रोखले जातील. त्यांचीच कवायत, त्यांच्याच समोर, आणि त्यांना ती थांबवताही येणार नाही, हात खिशात घालताही येणार नाहीत. याला श्रद्धांजली म्हणायचं की सूड, ते फोटोने ठरवावं.

मी त्या दृश्याकडे बघत बसलोय, एक हात डोक्यावर, तेव्हा शालन दारात येते. माझ्याकडे बघते. हाताकडे बघते. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई सरळ कामाचं बोलते.

"अहो, हात वर आहेच, तर तेवढा फळीवरचा साखरेचा डबा काढून द्या."