शिंप्याने बुजवलेली भोकं

आमचा शिंपी कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. पण एका दुपारी तो भ्याला, तोही स्वतःच्याच अंगठ्याला. ती हकिगत सांगतो.

त्याच्या दुकानामागे पत्र्याखाली एक ट्रेलर उभा असे. मोटारीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर. सगळे त्याला डबाच म्हणत. जुनाच घेतलेला, पण शिंप्याने तो तळहातावरच्या फोडासारखा जपला. उन्हाने टायर तडकू नयेत म्हणून त्यांना जाड कापडाचे झगे शिवले. पावसाळ्याआधी छतावर चढून सांधे लेपले. चाकांना ग्रीस, दारांना तेल, काही चुकलं नाही.

बायको म्हणायची, "माझी चप्पल वर्षभर तुटकी, अन् याच्या चाकांना झगे!"

"तू गळत नाहीस ना," तो म्हणायचा.

लेक नर्स. तिला लांबच्या दवाखान्यात नोकरी लागली, तिथे राहायला जागा नव्हती. डबा तिलाच द्यायचा ठरलं. लेक आणि नात आधीच आल्या होत्या, जावई दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन येणार होता. त्यांची चिमुरडी खिडकीखालच्या फळीवर झोपणार होती. ती फळी भिंतीलाच बोल्टांनी धरलेली.

त्या दुपारी शेवटचा हात फिरवताना शिंप्याचा अंगठा त्या भिंतीत रुतला. ओल्या पुठ्ठ्यात रुतावा तसा.

इकडेतिकडे बघून त्याने काय केलं, तर दुकानातून फुलाफुलांचं कापड आणलं, आत कापूस भरला आणि त्या जागेवर मऊ तक्क्या ठोकून दिला. हाताला सवयच तशी. फाटलं की झाकायचं. पण डोळ्यांपुढे रस्त्यातला खड्डा यायचा, निसटलेली फळी यायची.

संध्याकाळी नात डब्यात शिरली. फळीवर चढली आणि उड्या मारू लागली.

"आबा, बघा ना, भिंत मऊ मऊ!"

फळी करकरली. शिंप्याने धावत जाऊन तिला उचललं, इतकं घट्ट की पोर रडायला लागली.

"अहो बाबा, झालं काय? पांढरेफटक पडलात," लेक दारातून म्हणाली.

त्याने तक्क्या उपटला आणि फळी खाली ओढली. बोल्ट हातात आला, त्याला काळं भुसभुशीत लाकूड चिकटलेलं.

मग तो खिडकीपाशी वाकला. चौकटीच्या तळाला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर जायला. भोक दिसलं की शिंप्याचे हात शिवशिवायचे. गळतीच्या भीतीने त्याने ती वर्षानुवर्षं लेप भरून बुजवली होती. कोंडलेलं पाणी भिंतीत मुरत गेलं होतं.

"मीच केलं गं हे," तो म्हणाला. "सगळ्याच खिडक्यांची बुजवलीत."

मागून आलेली बायको कधी नव्हे ती टोमणा विसरली. "जावयाला फोन कर," ती लेकीला म्हणाली. "म्हणावं, उद्या येऊ नका. सुताराने बघितल्याशिवाय डबा हलायचा नाही."

शिंप्याने दाभण घेतलं आणि भोकं मोकळी करत पुढच्या खिडकीशी गेला. भिंतीवर अंगठा टेकवला, पण दाबवेना.

"दाबा बाबा," लेक म्हणाली आणि त्याचं मनगट धरलं.

त्याने डोळे मिटले. दाबलं. भिंत टणक होती.

अजून चार खिडक्या उरल्या होत्या.