आलूबोंड्यांचा मेल

आधी ताईंचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. खरं नाव नाही घेत, त्यांना आवडणार नाही. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेले सेठसुद्धा. त्या रोज सेलूहून एसटीने वर्ध्याला यायच्या, कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायच्या आणि मधल्या वेळात मला वाचवायच्या. हे दुसरं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मला वाचवायला लागायचं, कारण मी सगळ्यालाच घाबरायची. नववीतून शाळा सोडलेली. घर वेंगुर्ल्याकडे. भावाची बदली वर्ध्याला झाली, वहिनीला दिवस गेले होते, म्हणून तिच्या मदतीला मला इतक्या लांब धाडलं. भाचा बालवाडीत जायला लागला तशी माझी गरज संपली आणि घरून फोन सुरू झाले. परत ये, स्थळं येतायत. मला स्थळं नको होती. वहिनीने ओळखीतून सेठच्या ऑफिसात फोन घ्यायचं काम मिळवून दिलं, तेवढ्यावर मी वर्ध्यात टिकून होते. नोकरी गेली असती तर पुढच्या गाडीने रवानगी ठरलेली.

हे दोन हजार सालानंतरचे दिवस. वर्ध्यात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. कापसातली सरकी वेगळी करणारे जिनिंगवाले आणि कापसाचे व्यापारी यांच्यासाठी आमचं ऑफिस हिशेबाचा प्रोग्रॅम बनवायचं. रोज संध्याकाळी तो प्रोग्रॅम प्रत्येक व्यापाऱ्याला मेल पाठवायचा. आज किती गाड्या आल्या, काय भावाने गेल्या.

निघताना मी दाराची कडी तीनदा ओढून बघते, हे ताईंनी पाहिलं आणि मला फोनवरून उठवून टेस्टिंगला बसवलं.

"या कामाले भित्रंच मानूस लागते," त्या म्हणाल्या. "धीट मानूस बटन दाबते अन् चहा प्याले जाते."

टेस्टिंगसाठी त्यांनी एक खोटी टपालपेटी मांडून दिली होती. प्रोग्रॅमला वाटायचं मेल गेला, पण तो कुणाकडेच जायचा नाही, त्या पेटीत पडायचा. मी तो उघडून बघायची. नाव बरोबर आहे ना, आकडे बरोबर आहेत ना, मराठी अक्षरांचे चौकोन झाले नाहीत ना. चूक सापडली तरी जगात कुणाला कळत नसे. माझ्या स्वभावाला याहून सुखाची वस्तू आजवर मिळालेली नाही. घरचे लोक स्थळं बघत होते, त्यांच्याकडेही अशी एखादी पेटी असायला हवी होती.

घोटाळा खऱ्या मेलांचा होता. आमचे मेल ज्या मशीनवरून निघायचे त्यावर आणखी शंभर लोक बिऱ्हाडाला. त्यातला कुणीतरी लॉटरी लागल्याचे खोटे मेल पाठवायचा आणि बदनामी सगळ्या चाळीची व्हायची. आमची कापसाची चिठ्ठी जाऊन जंकमध्ये, म्हणजे मेलांच्या उकिरड्यावर, पडायची. तेव्हा मेल पाठवण्याचंच काम करणारी वेगळी सर्व्हिस घ्यायची असं ठरलं. समोर दोन होत्या. एक परदेशातली, महाग. दुसरी नागपूरची, स्वस्त. ती सेठच्या साल्याची.

"अपना आदमी है," सेठ मला म्हणाले. "फिर भी तू देख ले. मेल का काम तेरा. इस महीने में फैसला कर. उसके बाद व्यापारी की शिकायत आई तो मेल बंद, वापस कागज की पर्ची चालू. फिर इधर तेरे लायक क्या काम रहेगा?"

त्यांनी हे चहात बिस्किट बुडवता बुडवता, अगदी प्रेमाने सांगितलं. त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला.

दोन्ही सर्व्हिसवर आम्ही आठ-आठ दिवस मेल सोडून पाहिले. परदेशवाली प्रत्येक मेलाची खबर द्यायची, निघाला, पोचला, परत आला. पण पोचला म्हणजे घरात पडला एवढंच. ओसरीवर पडला की उकिरड्यावर, ते तिलाही सांगता येत नव्हतं. साल्याची सर्व्हिस तर सगळ्याच मेलांपुढे 'यशस्वी' लिहून मोकळी व्हायची. म्हणून मी व्यापाऱ्यांना फोन लावायला बसले आणि तिथे माझी पुरती फजिती झाली.

निम्मे जण "हाव, आला ना पोरी" म्हणायचे, कारण पोरगी बिचारी रोज विचारते, तिला कशाला दुखवा. उरलेले "नाई आला" म्हणायचे, कारण आला म्हटलं तर त्यातल्या भावाबद्दल बोलावं लागलं असतं. सिंदीचे एक काका होते, जुने कापूसवाले, मोठे गोड बोलायचे. एक दिवस त्यांनी मला सांगितलं, "आला, आला. एकदम साफ आला." त्या दिवशी लाइट नव्हती आणि आम्ही कुणालाच मेल केला नव्हता.

मी फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"काऊन वं, रडून राह्यली?" ताईंनी विचारलं.

"ताई, खरं कुणीच सांगत नाही. मी निवडू कशी?"

ताईंनी व्यापाऱ्यांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मानूस मेलाबद्दल खोटं बोलते. नाश्त्याबद्दल नाई बोलत."

त्यांनी यादीचे दोन भाग केले, अर्धे परदेशवाल्या सर्व्हिसवर, अर्धे साल्याच्या. सगळ्यांना एकच मेल, शनिवारी चार वाजता ऑफिसात तर्री-पोहे आहेत, या. जो येईल त्याला मेल मिळाला. किती सोपं! सेठ त्या दिवशी हिंगणघाटला जाणार होते. खालच्या ठेल्यावाल्याला आम्ही पोहे आणि तर्रीच्या झणझणीत रश्श्याचं पातेलं वर आणायला सांगितलं.

शनिवारी चार वाजता सगळे आले. सगळे म्हणजे यादीतले सगळे, त्यांचे मुनीम, एकाचे आंजीहून आलेले व्याही आणि शेजारच्या बँकेतला शिपाई. ज्याला मेल मिळाला त्याने बाजारातच पाच जणांना सांगितलं होतं. वर्ध्यात बोलावणं एकट्याने खायची पद्धत नाही. पोहे संपले, तर्रीचं पातेलं पावाने पुसून नेलं आणि आम्हाला कळलं काहीच नाही.

मी भिंतीला टेकून खाली बसले. ताई मात्र हसत सुटल्या. "आता पाह्य," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी परदेशवाल्यांना पोह्याचं बोलावणं अन् साल्यावाल्यांना आलूबोंड्याचं. तू दारात उभी राह्यजो. 'काय खायला आलात' इचारल्याशिवाय कोनाले आत सोडू नको."

आलूबोंडा म्हणजे आमच्याकडचा बटाटेवडा. दोन्ही मेल आधी खोट्या पेटीत टाकले. मी नेहमीसारखी एकेक नाव तपासत गेले आणि आलूबोंड्याच्या यादीत अडकले. तिथे सेठ होते. शिवाय या शनिवारी ते ऑफिसातच असणार होते.

"ताई! सेठजी!"

"मंग? ते बी मानूसच हायेत. त्याइले भूक नाई लागत?"

"मला काढून टाकतील."

"तशे बी काढून टाकनारच हायेत," ताई म्हणाल्या आणि खरा मेल सोडायचं बटन दाबलं. मी पाहिलं तोवर त्या चहाला गेल्या होत्या.

शनिवारी मी दारात उभी. एकेक जण जिना चढून यायचा, मी विचारायची, "काय खायला आलात?" आणि तो बेधडक सांगायचा, "पोहे." पोहे, पोहे, पोहे. ज्यांना मेल मिळाला नव्हता त्यांनाही बाजारात पोहेच ऐकू आले होते, कारण आलूबोंड्याचं बोलणारा तिथे सापडतच नव्हता. आलूबोंडा म्हणणारे दोन की तीन निघाले असतील. आत परातीत आलूबोंड्यांचा डोंगर गार होत होता.

मग सिंदीचे काका आले.

"काका, काय खायला आलात?"

"तुमी द्यान ते."

"तसं नाही. मेलात काय लिहिलं होतं?"

"मेल? आला होता ना!" काका माझ्या खांद्यावरून आत डोकावले, टाचा उंच करून. तर्रीची वाफ दिसली तसे म्हणाले, "पोहे!"

काका आलूबोंड्याच्या यादीतले होते. ते त्यांना सांगताना मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि तर्रीच्या वासामागोमाग सेठ बाहेर आले. "ये किसकी बारात है?"

एकाने चमचा खाली ठेवला. मी ताईंकडे पाहिलं. ताई गरीब गाईसारखं तोंड करून म्हणाल्या, "सेठजी, तुमाले बी मेल टाकला होता ना. नाई आला काय?"

सेठनी समोर पाहिलं. सगळी गिऱ्हाइकं बशा घेऊन उभी. दोनच दिवसांपूर्वी याच माणसांना त्यांनी सांगितलं होतं, साले का सिस्टम एकदम फर्स्ट क्लास.

"आया था, आया था," ते म्हणाले. "मैं काम में था."

"मग सांगा ना, काय खायला बोलावलं होतं?" हे मी विचारलं. मीच. मघापासून तेच वाक्य म्हणत होते, तोंडात बसलं होतं, ते आपोआप सुटलं. सुटल्यावर मी भिंत धरली.

सेठ परातीकडे बघायचे विसरले आणि वासावर गेले. "पोहा," म्हणाले. ताईंनी मान हलवून परातीतल्या आलूबोंड्यांकडे बोट केलं.

काका मागून ओरडले, "चुकलं सेठजी, चुकलं! टाचा वर करून पाह्यलं तरी समजत नाई! मी बी तसाच फसलो!"

मग जी हसाहस झाली ती खालच्या कापडदुकानात ऐकू गेली असणार. सेठनी एक क्षण रागवायचा विचार केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसलाही, पण कुणीतरी त्यांच्या हातात आलूबोंडा ठेवला आणि हातात आलूबोंडा असताना रागावणं कठीण असतं. ते केबिनमध्ये गेले. जंक उघडल्याचं आम्हाला बाहेर कळलं, कारण आतून साल्याच्या नावाने एक नागपुरी शिवी आली.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "किसका दिमाग था ये?"

मी तोंड उघडलं. ताईंनी जवळ येऊन माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"हिचं," त्या म्हणाल्या. "मी फक्त प्रोग्रॅम चालवला. मेलाचं काम हिचंच नं सेठजी."

सेठनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोमवार से परदेसवाला लगा दे," म्हणाले. "और ये लड़की किधर जाती नहीं." मग जरा थांबून, "साले को मैं बोलूँगा. तू मत बोल."

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. आई स्थळाचं काढणार इतक्यात म्हटलं, "आता नाही येता येत. माझ्याशिवाय इथले मेल जात नाहीत." पलीकडे आईने ते वडिलांना मोठ्याने सांगितलं आणि वडील म्हणाले, मग राहू दे तिला.

पुढे मी हेच काम करत राहिले. आजही वर्ध्यातच आहे, आजही कडी तीनदा ओढते. ताई पुण्याला गेल्या, मोठ्या कंपनीत. त्या शनिवारचं डोकं कुणाचं होतं हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं, पाय दुखेल म्हणून. आज सांगून टाकलं. पण एवढ्याने फिटत नाही.

ताई, एक दिवस माझा मेल येईल. आमच्या गावी, समुद्राजवळच्या घरी या म्हणून. घावणे असतील की काळ्या वाटाण्याचं सांबारं की तुम्ही नाक मुरडायचात ते मासे, ते त्यात लिहिलेलं असेल. तुम्ही या, दारात मी उभी असेन. काय खायला आलात ते विचारल्याशिवाय आत सोडणार नाही, आणि नाही सांगता आलं तरी पोटभर वाढल्याशिवाय जाऊ देणार नाही. तोवर जंक बघत जा.