अजगराची सहा अंडी

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सगळं सगळं बोललो — एवढं सोडून. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. दमलोय आता. पोटात ठेवून ठेवून माणूस दमतो.

गोष्ट अंड्यांची आहे. हसू नका. सहा अंडी, आणि तीही सापाची.

सुरुवात झाली ती सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी. आम्ही मूळचे परभणीकडचे, राहायला सुरतेतल्या लिंबायत वस्तीत. बारडोलीच्या रस्त्याला एक हॅचरी होती, तिथं मी नऊ वर्षं अंडी उबवायच्या कामावर काढली. कोंबडीच्या अंड्याला दिवसातून चार-पाच वेळा कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. हे माझ्या हातात मुरलं होतं. अंड्यातलं मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. वस्तीतही मला अंडेवाले भाऊ म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

निमेषभाई म्हणजे पांडेसऱ्यातल्या एका रंगाई मिलच्या मालकाचा मुलगा, पंचविशीतला. त्यानं परदेशातून अजगरांची जोडी आणली होती. आपल्याकडच्यासारखे दांडगे नव्हेत — आफ्रिकेतले, दोन-अडीच हात लांब, आणि भ्याले की डोकं आत घालून अंगाचा चेंडू करणारे. बॉल पायथन म्हणायचा तो त्यांना. पाळायचे आणि त्यांची पिल्लं काढायची, हा त्याचा ध्यास. त्यांना खायला उंदीर लागायचे, पण प्लेगनंतर सुरतेत उंदराचं नाव काढायची सोय नव्हती. हॅचरीत कोंबडीची नर पिल्लं टाकूनच देतात. ती मी आणून द्यायला लागलो, आणि पुढं त्यानं मला बंगल्यावर कामालाच ठेवलं.

घरात त्याची आई — सगळे त्यांना बा म्हणायचे. त्या सापांच्या खोलीत कधी पाऊल टाकायच्या नाहीत, पण रोज सकाळी दारातून हात जोडायच्या. त्यांच्या लेखी ते आफ्रिकेतले असोत की कुठले, नागदेवताच.

आणि इंदूबाई. आमची शेजारीण. धुळ्याकडची, नवरा कापडाच्या लूमवर. बंगल्यात झाडू-पोछा आणि भांड्यांना तिला मीच लावून दिलं होतं. मला भाऊ म्हणायची. नुसती म्हणायची नाही हो — भाऊबीजेला ओवाळायची.

मी बंगल्यावर लागल्याच्या तिसऱ्या वर्षी मादीनं अंडी घातली. निमेषभाईला काय आनंद झाला होता! अंडी एकमेकांना चिकटलेली असतात; ती त्यानं हलक्या हातानं सुटी केली, थर्माकोलच्या पेटीत ओलसर भुशावर मांडली, वर ऊबेला बल्ब लावला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एक फुली मारली. मला बजावलं — फुली वरच राहिली पाहिजे. सापाचं अंडं फिरवायचं नसतं, पुस्तकात तसं लिहिलंय.

पुस्तकात! नऊ वर्षं अंडी मी हाताळली, की पुस्तकानं?

थांबा, सांगतो. एवढं आलोय तर सांगतोच.

सकाळी तो मिलवर गेला की मी पेटी उघडायचो आणि एकेक अंडं फिरवायचो. दुपारी परत. संध्याकाळी तो यायच्या आत सगळ्या फुल्या वर. रोज, पाच आठवडे. मनात काय होतं माहितीय? पिल्लं निघाली की म्हणेन — बघा भाई, तुमचं पुस्तक चुकलं. बस, तेवढ्यासाठी.

मग अंडी चेपल्यासारखी आत बसायला लागली. पिवळी पडली, बुरशी धरली. निमेषभाईनं एक कापून बघितलं. आत बोटाएवढं पिल्लू होतं, अंगावरची नक्षीसुद्धा उमटलेली — मेलेलं. मला तिथल्या तिथं कळलं. त्यानं विचारलं, अंडी हलवली होतीस का? मी म्हटलं, छे, फुल्या बघा ना. फुल्या सगळ्या वर होत्या.

बा दारात उभ्या राहून रडायला लागल्या. घरात नागाचा वंश बुडाला, आणि पोराचं लग्न तोंडावर. या खोलीत कोण कोण येतं, त्यांनी विचारलं.

मी होतो ना समोर. माझ्याकडं बघूनच विचारलं होतं. आणि मी म्हटलं — इंदूबाई येते पुसायला. ती अडचणीच्या दिवसांतही येते.

हे खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. आमच्या ओळीत नळ एक. कुणाची अडचण कधी, हे न विचारता कळतं. इंदूबाई चार दिवस घरी बसली तर पगार कापला जाणार, म्हणून यायची बिचारी, गुमान. मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं, की जिथं विटाळशीच्या हातानं लोणचं नासतं म्हणतात, तिथं हे लगेच पटेल. निमेषभाई म्हणाला, असं काही नसतं. एकदाच म्हणाला. मग बांचं रडणं बघून पेटी उचलून बाहेर निघून गेला. मी करून सवरून नामानिराळा.

इंदूबाई मागं भांडी घासत होती. तुझ्या विटाळानं अंडी नासली, असं बांनी तिला लांबूनच ऐकवलं, आणि म्हणाल्या, "कालथी ना आवती." उद्यापासून येऊ नको. ती भांडेल, मला शिव्या देईल, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हात पुसत उभी राहिली, आणि घरी जाताना रस्त्यात मलाच म्हणाली, "भाऊ, मनी चूक व्हयनी." माझीच चूक झाली, म्हणे.

मी काय म्हटलं असेन? होतं असं, म्हटलं. जाऊ दे.

पुढच्या वर्षी मादीनं परत अंडी घातली. त्यांना मी बोट लावलं नाही. पाच पिल्लं निघाली. बांनी पेढे वाटले. इंदूबाई घरात नव्हती म्हणून निघाली, हे साऱ्या घराला पटलं. माझ्या वाटणीचे पेढे बायकोनं इंदूबाईला नेऊन दिले, आणि कशाचे तेही सांगितलं. साधी बाई माझी, तिच्या मनात काही नव्हतं. इंदूबाईनं पेढा कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला म्हणे. नागाची पिल्लं आपल्या हातून गेली, आता हा हात लागला तर त्याचा दोष आपल्या लेकीबाळींवर येणार, हे त्या दिवसापासून तिच्या मनात पक्कं बसलं.

वर्षभरानं तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. इंदूबाई डिंकाचे लाडू करायची, पाणी तापवायची, दुपटी धुवायची — पण बाळाला हात लावायची नाही. न्हाऊ घालायला पैसे देऊन दुसरी बाई लावली. मुलगी माझ्या बायकोजवळ रडली, आई माझ्या पोराला जवळसुद्धा घेत नाही हो, मी काय केलंय तिचं? इंदूबाईनं लेकीला कारण सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार?

बारशाला आम्ही गेलो. बायकांनी बाळाला पाळण्यातून काढलं आणि आजीपुढं धरलं. ती दोन पावलं मागं सरकली. पदरात हात गुंडाळून घेतले तिनं. सगळ्या बघायला लागल्या. मुलीचं तोंड रागानं लाल झालं होतं, डोळे भरले होते. तेवढ्यात इंदूबाई माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर किती विश्वास होता म्हणून सांगू.

"भाऊ, तुम्ही ल्या," ती म्हणाली. "तुमना हात गुणना शे."

एका वाक्याचं काम होतं. मुलगी समोर होती, माझी बायको होती, अख्खी गल्ली होती.

मी हात पुढं केले आणि बाळ घेतलं.